बुडवलेल्या पाणबुड्या मोजून हा हिशेब लागत नाही

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानवाहू नौकांचा विषय निघाला की बोलणं मिडवेवर जातं, ‘एंटरप्राइझ’वर जातं, फार तर ‘आर्क रॉयल’वर जातं. व्यापारी जहाजाच्या सांगाड्यावर धावपट्टी चढवून उभ्या केलेल्या छोट्या एस्कॉर्ट कॅरियरचं नाव कुणी काढलंच, तर ते कीव केल्यासारखं. ती नाइलाजाने केलेली तडजोड होती म्हणे. अटलांटिकची लढाई खरी जिंकली ती लांब पल्ल्याच्या लिबरेटर विमानांनी, रडारनं आणि एनिग्मा या जर्मन सांकेतिक यंत्राचे संदेश फोडणाऱ्यांनी. ही जहाजं रणांगणावर पोचेपर्यंत निकाल लागत आला होता. शेवटी ठरलेला सवाल येतो: त्यांनी पाणबुड्या बुडवल्या तरी किती?

हे मत मला साफ चुकीचं वाटतं. ते चुकतं, कारण ताफ्याच्या रक्षणाला ते शिकारीचं माप लावतं.

पाणबुडी लढायची कशी, ते आधी पाहू. जर्मनीची मुख्य पाणबुडी, म्हणजे सातव्या प्रकारची, पाण्यावर डिझेलच्या जोरावर १७ नॉटपर्यंत पळायची. बुडी मारली की बॅटरीवर जेमतेम ७ नॉट, तेही थोडाच वेळ. बॅटरी पुरवून वापरायची तर ४ नॉटच्या आसपास. तिच्यासमोरच्या व्यापारी ताफ्याचा वेग ७ ते ९ नॉट. पाण्यावरची पाणबुडी असा ताफा सहज गाठते, वळसा घालून त्याच्या पुढे जाते आणि रात्रीची वाट पाहते. पाण्याखालची पाणबुडी मागे पडते. जर्मन पाणबुडी दलाचा प्रमुख डोनिट्झ याच्या ‘लांडग्यांच्या टोळी’चं सगळं तंत्र या एवढ्या फरकावर उभं होतं. एक पाणबुडी क्षितिजाच्या काठाकाठानं ताफ्याचा माग धरून राहायची, रेडिओवरून त्याची जागा कळवत राहायची, आणि बाकीच्या दिवसभर पाण्यावरून धावत तिथे गोळा व्हायच्या. माग धरणाऱ्या त्या एकीला बुडी मारायला लावली की सगळी टोळी आंधळी व्हायची.

त्यासाठी विमानाला तिच्यावर बॉम्ब टाकावाच लागतो असं नाही. पाणबुडीच्या मनोऱ्यावर दुर्बीण घेऊन उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला ढगांखाली एक ठिपका दिसला की ‘बुडी मारा’ हाच हुकूम सुटतो. अर्ध्या मिनिटात पाणबुडी पाण्याखाली. तासाभरानं ती वर येते, तर आकाशात पुन्हा काहीतरी घिरट्या घालत असतं. पुन्हा बुडी. तेवढ्यात ताफ्याचा प्रमुख दिशा बदलतो, आणि संध्याकाळी ती वर येते तेव्हा समोर रिकामा समुद्र असतो. या दिवसाची नोंद नौदलाच्या विजयांच्या यादीत कुठेच होत नाही. एकही पाणबुडी बुडाली नाही, कोणाला पदक मिळालं नाही. फक्त चाळीस-पन्नास जहाजं दुसऱ्या दिवशीही तरंगत होती. शेताच्या माळ्यावर गोफण घेऊन बसलेल्या राखणदाराला संध्याकाळी कोणी ‘किती पाखरं मारलीस’ असं विचारत नाही. कणसात दाणे किती राहिले ते बघतात.

आणि त्या जहाजांवर कोण होतं, हेही मराठी वाचकाला सांगायला हवं. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हजारो हिंदुस्थानी खलाशी होते. मुंबई बंदरातून भरती झालेल्यांत रत्नागिरीकडची, कोकणपट्टीतली माणसं डेकवर आणि भट्टीवर होती. सारंग, टंडेल, आगवाले ही त्यांची पदं. जेवणघरात आणि केबिनीत गोव्याची माणसं होती, ज्यांची मुंबईतली वस्ती धोबी तलावाच्या आसपासच्या गावागावांच्या कुडांत, म्हणजे गाववाल्यांच्या सामाईक निवासांत, असे. पाणतीर इंजिनघराच्या बाजूला लागला की पहिला बळी जायचा तो पाण्याच्या पातळीखाली भट्टीपाशी उभ्या असलेल्या आगवाल्याचा. त्याला वर यायला एकच अरुंद लोखंडी शिडी. ताफा सुखरूप पोचणं याचा अर्थ त्या माणसासाठी काय होता, तो विचार डोक्यात ठेवून ‘पाणबुड्या किती बुडवल्या’ हा प्रश्न विचारून पाहावा.

या मापाचा फोलपणा सगळ्यात स्पष्ट दिसतो तो ‘मॅक’ जहाजांत. ब्रिटननं १९४३ पासून १९ व्यापारी जहाजांवर धावपट्टी बसवली: सहा धान्यवाहू, तेरा तेलवाहू. ही नौदलाची जहाजं नव्हती. कप्तान व्यापारी नौदलाचा, खलाशी व्यापारी नौदलाचे, आणि पोटात धान्य किंवा तेल नेहमीपेक्षा थोडंच कमी. वर मात्र तीन-चार स्वोर्डफिश विमानं. धान्यवाहू जहाजांवर विमानांसाठी छोटं हँगर तरी होतं. तेलवाहू जहाजांवर तेही नाही. विमान अटलांटिकच्या खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर बांधून ठेवायचं आणि सकाळी त्याच अवस्थेत उडवायचं. स्वोर्डफिश म्हणजे दोन पंखांच्या जोड्यांचं, कापड ताणून बसवलेलं, उघड्या कॉकपिटचं विमान. ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या वर ते फारसं जात नसे. पण हा संथपणाच इथे कामी आला, कारण हलत्याडुलत्या आखूड धावपट्टीवर उतरायला इतकं समजूतदार विमान दुसरं नव्हतं. यांतल्या काही वैमानिकांनी विमानाच्या अंगावरचं ‘रॉयल नेव्ही’ खोडून तिथे ‘मर्चंट नेव्ही’ असं रंगवलं होतं. आपण कोणाचे राखणदार आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

या १९ जहाजांच्या विमानांनी युद्धभरात बुडवलेल्या पाणबुड्यांची संख्या शून्य आहे. आक्षेपकांच्या मापानं हा प्रयोग सपशेल फसला. आता दुसरी बाजू पाहा. ज्या ताफ्यांत मॅक जहाज होतं असे दोनशेहून अधिक ताफे समुद्र ओलांडून गेले, आणि त्यांतल्या फक्त एकावर पाणबुड्यांचा हल्ला यशस्वी झाला. १९४३ नंतर पाणबुड्यांचा जोर एकूणच ओसरला होता, हे मान्य. तरीही ज्या हत्याराच्या सावलीत शत्रू येतच नाही, त्याला ‘निकामी’ म्हणायला मन धजावतं कसं?

आता पहिल्या जहाजाकडे येऊ, कारण सगळा वाद त्याच्यात बीजरूपानं आहे. ‘ऑडॅसिटी’ हे मूळचं ‘हॅनोव्हर’ नावाचं जर्मन व्यापारी जहाज. मार्च १९४० मध्ये वेस्ट इंडीजच्या समुद्रात ब्रिटिशांनी ते पकडलं आणि पुढच्या वर्षी त्याची विमानवाहू नौका केली. हँगर नाही, विमानं खाली नेणारी लिफ्ट नाही. सहा-आठ मार्टलेट लढाऊ विमानं धावपट्टीच्या मागच्या टोकाला दाटीवाटीनं उभी. उड्डाणाच्या वेळी रांगेतल्या पहिल्या विमानाला धावायला सगळ्यात कमी जागा मिळायची. विमान उतरलं की ते ढकलत पुढे न्यायचं, म्हणजे मागच्याला उतरायला वाट मोकळी. सगळे उतरले की पुन्हा मागे. दुरुस्ती रात्री, उघड्यावर, टॉर्चच्या उजेडात, हातपाय गारठलेल्या मेकॅनिकांच्या हातून.

हे जहाज १४ डिसेंबर १९४१ रोजी जिब्राल्टरहून निघालेल्या एचजी-७६ या ताफ्यासोबत होतं. ३२ व्यापारी जहाजं, आणि रक्षणाचा प्रमुख कमांडर वॉकर. तोवर जिब्राल्टर ते ब्रिटन हा मार्ग कर्दनकाळ ठरला होता. फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या तळावरून येणारी जर्मन कॉन्डोर विमानं ताफा हुडकायची आणि पाणबुड्यांना बोलावायची. त्याआधीचा उपाय असा की मालवाहू जहाजावरून कॅटापल्टनं एक हरिकेन उडवायचं, आणि काम झालं की वैमानिकानं पॅराशूटनं समुद्रात उडी घ्यायची. एक उड्डाण, एक विमान खलास. ऑडॅसिटीच्या मार्टलेटना मात्र परतायला धावपट्टी होती. १७ तारखेला त्यांनी यू-१३१ ही पाणबुडी पाण्यावर हेरली. एक मार्टलेट तिच्यावर चालून गेलं आणि पाणबुडीच्या तोफेनं ते पाडलं, वैमानिक मेला. पण पाणबुडीची जागा कळली होती, वॉकरची जहाजं तिच्यावर जाऊन पडली आणि ती संपली. पुढच्या चार दिवसांत कॉन्डोरही पडली, आणखी पाणबुड्याही गेल्या. एकूण पाच पाणबुड्या गमावून जर्मनांच्या हाती लागली ती फक्त दोन व्यापारी जहाजं, ‘स्टॅन्ली’ ही विनाशिका आणि खुद्द ऑडॅसिटी.

‘आणि खुद्द ऑडॅसिटी’ हे शब्द आक्षेपकांना फार आवडतात. बघा, बुडालीच ना! पण ती कशी बुडाली? २१ डिसेंबरच्या रात्री तिचा कप्तान, जो हुद्द्यानं वॉकरपेक्षा वरचा होता, जहाज ताफ्याबाहेर, बरंच अंतर सोडून घेऊन गेला. वॉकरला ते पसंत नव्हतं, आणि सोबतीला द्यायला त्याच्याकडे मोकळं जहाज नव्हतं. ताफ्यातल्या एका जहाजानं घाबरून प्रकाशबाण सोडला आणि त्या उजेडात ऑडॅसिटीची आकृती यू-७५१ ला दिसली. हा घात एकटं सोडल्याचा आहे. अशीच चूक सप्टेंबर १९३९ मध्ये ‘करेजस’ या मोठ्या विमानवाहू नौकेच्या बाबतीत झाली होती. पाणबुड्यांच्या शोधात फिरताना तिला यू-२९ नं बुडवलं आणि पाचशेहून अधिक माणसं गेली. तेव्हा कोणी म्हणालं नाही की मोठ्या विमानवाहू नौका मुळातच कुचकामी.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. मे १९४३ मध्ये पाणबुड्यांचं कंबरडं मोडलं, आणि त्या विजयात एस्कॉर्ट कॅरियरचा वाटा किरकोळ होता. यातला खरा भाग मी आधीच मान्य करतो. एप्रिल-मेमधली ओएनएस-५ या ताफ्याची भीषण लढाई कोणत्याही कॅरियरशिवाय लढली गेली. एससी-१३० हा ताफा एकही जहाज न गमावता पार झाला तो मुख्यतः जमिनीवरून आलेल्या लिबरेटरच्या आणि जिगरबाज रक्षक जहाजांच्या बळावर. डोनिट्झचा धाकटा मुलगा त्याच ताफ्याभोवती मेला. लिबरेटरचं श्रेय कोणी हिरावून घेऊ नये.

पण त्याच महिन्याची दुसरी पानंही उलटा. १२ मे रोजी एचएक्स-२३७ सोबतच्या ‘बायटर’ या ब्रिटिश एस्कॉर्ट कॅरियरच्या स्वोर्डफिशनं यू-८९ ला गाठलं आणि रक्षक जहाजांच्या साथीनं बुडवलं. २२ मे रोजी ओएन-१८४ सोबतच्या अमेरिकन ‘बोग’च्या ॲव्हेंजर विमानांनी यू-५६९ संपवली. २३ मे रोजी एचएक्स-२३९ सोबतच्या ‘आर्चर’च्या एका स्वोर्डफिशनं यू-७५२ वर रॉकेटं सोडली. ही रॉकेटं नवीन होती, टोकाला भरीव पोलाद. पाणबुडीच्या जाड कवचाला त्यांनी भोक पाडलं. भोक पडलेली पाणबुडी बुडी मारू शकत नाही, एवढं साधं गणित. ओएन-१८४ आणि एचएक्स-२३९ या दोन्ही ताफ्यांनी एकही जहाज गमावलं नाही. दुसऱ्याच दिवशी, २४ मे रोजी, डोनिट्झनं उत्तर अटलांटिकमधल्या ताफ्यांच्या मार्गावरून पाणबुड्या मागे घेतल्या. हे सगळं ‘किरकोळ’ म्हणायचं असेल तर किरकोळ या शब्दाला काही अर्थच उरत नाही.

आणि ‘उशिरा आल्या’ म्हणणाऱ्यांना मला उलट विचारायचं आहे: त्यांना उशीर कोणी केला? ऑडॅसिटीनं आपली किंमत डिसेंबर १९४१ मध्येच दाखवून दिली होती. १९४२ मध्ये पुढची जहाजं तयार झाली, ती उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेला आणि इतरत्र वळवली गेली. ब्रिटनला मिळालेली बाकीची जहाजं गोद्यांत महिनोन्महिने बदल करून घेत उभी राहिली. त्यावरून अमेरिकन मित्रही चिडले होते. अटलांटिकच्या मधोमध, जिथे कोणत्याही किनाऱ्यावरचं विमान पोचत नव्हतं, ती हवाई पोकळी तशीच राहिली. मार्च १९४३ मध्ये एचएक्स-२२९ आणि एससी-१२२ या दोन ताफ्यांची मिळून २२ जहाजं त्या पोकळीच्या परिसरात गेली. ज्यांनी या छोट्या जहाजांना दुय्यम मानून रांगेत मागे ठेवलं, त्यांच्या उशिराचं खापर जहाजांच्याच माथी फोडणं हा धडधडीत अन्याय आहे.

एनिग्माचाही मुद्दा असाच अर्धवट सांगितला जातो. १९४३ च्या उन्हाळ्यात अमेरिकन एस्कॉर्ट कॅरियरच्या गटांनी अझोर्सच्या आसपास पाणबुड्यांना इंधन देणाऱ्या पाणबुड्या एकामागून एक टिपल्या: बोगनं यू-११८, ‘कोर’नं यू-४८७, ‘कार्ड’नं यू-११७ आणि पुढे यू-४६०. त्या कुठे भेटणार हे सांकेतिक संदेश फोडून कळत होतं, खरं आहे. पण समुद्राच्या त्या कोपऱ्यात मारा करायला हात पोचतो कोणाचा? कागदावर कळलेली जागा पाणबुडी बुडवत नाही.

आता मृतांविषयी. इथे मला आक्षेपकांवर नाही, त्या काळच्या नौदलांवर राग आहे. अमेरिकन खलाशी या जहाजांना चेष्टेनं चटकन पेटणारी, लगेच फुटणारी आणि गेली तरी हरकत नसलेली म्हणत. त्यात चेष्टा कमी आणि भीती जास्त होती. ‘ॲव्हेंजर’ नावाच्या ब्रिटिश एस्कॉर्ट कॅरियरनं सप्टेंबर १९४२ मध्ये आर्क्टिकमधल्या पीक्यू-१८ या ताफ्याला आपल्या सी-हरिकेन विमानांची छत्री दिली, दोनच महिन्यांपूर्वी पीक्यू-१७ नं २४ जहाजं गमावलेला तोच मार्ग. पीक्यू-१८ चीही १३ जहाजं गेली, पण ताफा फुटला नाही, पोचला. १५ नोव्हेंबरला जिब्राल्टरजवळ ॲव्हेंजरला पाणतीर लागला, बाजूला साठवलेले बॉम्ब फुटले, आणि संपूर्ण जहाजातून फक्त १२ माणसं वाचली. २७ मार्च १९४३ रोजी ‘डॅशर’ स्कॉटलंडच्या क्लाइड खाडीत पेट्रोलच्या स्फोटानं फुटली. ३७९ माणसं गेली, तीही शत्रू जवळपास नसताना. २४ नोव्हेंबर १९४३ रोजी गिल्बर्ट बेटांजवळ ‘लिस्कोम बे’च्या बॉम्बसाठ्यापाशी जपानी पाणतीर लागला आणि ६४४ माणसं मेली. ॲव्हेंजरच्या धड्याला तेव्हा एक वर्ष होऊन गेलं होतं.

ही माणसं ‘गेली तरी चालतील’ अशी नव्हती. पण त्यांच्या मृत्यूवरून कल्पनाच चुकीची होती असा निष्कर्ष काढणं हे त्यांच्या कामावर पाणी फिरवणं आहे. दोष होता तो बॉम्ब कुठे ठेवले, पेट्रोलच्या नळ्या कशा बसवल्या, त्या कोण तपासत होतं, यात. ॲव्हेंजरनंतर बॉम्बसाठा जहाजाच्या बाजूपासून आत हलवला गेला, डॅशरनंतर ब्रिटिशांनी पेट्रोलच्या व्यवस्थेत फेरफार केले. दुरुस्त होण्यासारखा दोष होता तो, आणि दुरुस्त करायला लागलेला वेळ हा नौदलांच्या बेफिकिरीचा पुरावा आहे.

‘स्वस्तातलं म्हणजे हलकं’ हा समज तर मुंबईच्या वाचकानं तरी बाळगू नये. आपल्या बंदरात पूर्वी वर्षानुवर्षं संग्रहालय म्हणून उभी राहिलेली जुनी ‘विक्रांत’ एस्कॉर्ट कॅरियर नव्हती. ती त्याहून मोठ्या, हलक्या विमानवाहू नौकांच्या वर्गातली, मूळची ब्रिटिश ‘हर्क्युलिस’. पण तो वर्गही युद्धाच्या घाईतूनच जन्मला. व्यापारी जहाजं बांधणाऱ्या गोद्यांना झेपावं म्हणून त्याचा आराखडा बऱ्याच अंशी व्यापारी नियमांनुसार केला होता, आणि ही जहाजं युद्धापुरती टिकली तरी पुरे असाच हिशेब होता. तिनं १९६१ ते १९९७ सेवा दिली, आणि १९७१ मध्ये बंगालच्या उपसागरात कामगिरी बजावली, तीही बॉयलर बिघडलेला असताना. अमेरिकेत हेन्री कैसरच्या गोदीनं कासाब्लांका वर्गातली ५० जहाजं जुलै १९४३ ते जुलै १९४४ या एका वर्षात नौदलाच्या हवाली केली. टर्बाइन आणि गिअर मिळत नव्हते म्हणून त्यांना जुन्या धाटणीची दट्ट्यांची वाफेची इंजिनं बसवली. वेग १९ नॉट. ताफा ८ नॉटनं चालतो तेव्हा १९ पुरतात.

आक्षेपक समारच्या लढाईचा दाखलाही देतात. २५ ऑक्टोबर १९४४ रोजी फिलिपाइन्सजवळ यामातोसह जपानी युद्धनौका अशाच सहा जहाजांच्या गटावर येऊन धडकल्या आणि ‘गॅम्बियर बे’ तोफांनी बुडवली. या जहाजांना युद्धनौकांसमोर उभं करायचं कोणीच ठरवलं नव्हतं. ती तिथे उघडी पडली, कारण मोठ्या वेगवान विमानवाहू नौकांचा मुख्य ताफा उत्तरेला निघून गेला होता आणि सान बर्नार्डिनोच्या सामुद्रधुनीवर पहारा उरला नव्हता. विनाशिकांनी केलेला जिवावरचा हल्ला आणि डेप्थ चार्ज, जमिनीवर टाकायचे बॉम्ब, हाताला लागेल ते घेऊन उडालेली या छोट्या जहाजांची विमानं, यांनी जपानी ॲडमिरल कुरिताला परत फिरवलं.

विमानं वाहून नेण्याच्या कामाकडे तर आक्षेपक ढुंकूनही बघत नाहीत. मला तेच सगळ्यात जास्त खुपतं. मोठ्या विमानवाहू नौकेला ओझी वाहायला लावलं की काय होतं, याचं उत्तर ‘आर्क रॉयल’नं दिलं. नोव्हेंबर १९४१ मध्ये ती माल्टाकडे हरिकेन विमानं उडवून जिब्राल्टरला परतत होती. यू-८१ च्या एका पाणतीरानं ती गेली. बिस्मार्कला पांगळं करणारी नौका विमानांची ने-आण करताना बुडाली. १९४२ च्या वसंतात माल्टाला स्पिटफायर पोचवायला अमेरिकेची ‘वास्प’ दोनदा वापरावी लागली. तेवढा काळ ती दुसरीकडे कुठेच वापरता आली नाही.

आता ‘लाँग आयलंड’ पाहा. मूळची ‘मॉर्मॅकमेल’ नावाची मालवाहू बोट, जून १९४१ मध्ये अमेरिकेची पहिली एस्कॉर्ट कॅरियर झाली. ७ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकन मरीन ग्वाडलकॅनलवर उतरले आणि अर्धवट बांधलेली जपानी धावपट्टी त्यांनी ताब्यात घेतली. दोन दिवसांत मोठ्या विमानवाहू नौका तिथून निघून गेल्या. त्यांना धोका पत्करायचा नव्हता, आणि त्यामागे कारणंही होती. ९ तारखेच्या पहाटे साव्हो बेटाजवळ मित्रराष्ट्रांच्या चार क्रूझर बुडाल्या, आणि उरलीसुरली मालवाहू जहाजंही निघून गेली. मरीन सैनिक अर्ध्या शिध्यावर, डोक्यावर एकही आपलं विमान नसलेल्या आकाशाखाली, जपानी बॉम्बहल्ले सोसत राहिले. दिवसा येणारी प्रत्येक घरघर शत्रूचीच. २० ऑगस्टच्या दुपारी सावकाश चालणारी लाँग आयलंड बेटापासून पुरेशा अंतरावर आली आणि तिच्या आखूड धावपट्टीवरून १९ वाइल्डकॅट आणि १२ डॉन्टलेस विमानं हेंडरसन धावपट्टीकडे निघाली. ती उतरली त्याच रात्री इचिकी या जपानी कर्नलच्या तुकडीनं तेनारूच्या काठी हल्ला चढवला. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर अडकलेल्या त्या तुकडीवर हीच विमानं तुटून पडली. ग्वाडलकॅनलच्या पुढच्या सगळ्या महिन्यांचा पाया त्या ३१ विमानांनी घातला. लाँग आयलंडनं त्या दिवशी एक गोळीही झाडली नाही. तिचं काम झालं आणि ती मागे वळली.

पुढे पॅसिफिकमध्ये मोठ्या विमानवाहू नौकांनी महिनोन्महिने समुद्रात राहून जी मारा करण्याची ताकद टिकवली, तिच्यामागेही हीच रसद होती: गमावलेल्या विमानांच्या जागी नवी विमानं आणि वैमानिक एस्कॉर्ट कॅरियर भर समुद्रात आणून द्यायच्या. मार्च १९४४ च्या अखेरीस ‘मिशन बे’ आणि ‘वेक आयलंड’ न्यूयॉर्कहून दक्षिण आफ्रिकेला वळसा घालून पी-४७ थंडरबोल्ट विमानं भरून कराचीला पोचल्या. एवढ्या लांबचा प्रवास करून ती विमानं थेट आपल्या उपखंडाच्या बंदरात उतरली.

शेवटी हिंदी महासागर, कारण हा भाग आपल्याकडेही दुर्लक्षित राहिला आहे. १९४३ च्या उत्तरार्धात ‘बॅटलर’ ही एस्कॉर्ट कॅरियर या समुद्रात आली आणि मुंबई-एडन मार्गावरच्या ताफ्यांना सोबत करू लागली. तेव्हा पेनांगमधून निघणाऱ्या जर्मन पाणबुड्या अरबी समुद्रापर्यंत हिंडत होत्या, आणि त्यांना समुद्रातच इंधन देणारी दोन तेलवाहू जहाजं होती. एक, ‘शार्लोट श्लीमन’, फेब्रुवारी १९४४ मध्ये ब्रिटिश विनाशिकेनं संपवलं. दुसरं ‘ब्रेक’. १२ मार्च १९४४ रोजी मॉरिशसच्या आग्नेयेला बॅटलरच्या विमानानं ब्रेकला पाणबुड्यांसोबत गाठलं आणि जागा कळवली. ‘रोबक’ या विनाशिकेच्या तोफांपुढे ते संपलं. समुद्रात इंधन मिळण्याची सोय गेली, आणि भोवतीच्या काही पाणबुड्यांना मोहीम सोडून पूर्वेकडच्या तळांची वाट धरावी लागली. कागदोपत्री ब्रेक रोबकच्या खात्यावर आहे, आणि परत फिरलेल्या पाणबुड्या कोणाच्याच नाहीत. ज्यांना बुडवलेल्या पाणबुड्यांचाच आकडा हवा आहे, त्यांनी हिंदी महासागरातला तो मार्चचा महिना बॅटलरच्या नावे शून्य मांडून दाखवावा, आणि मग एडनहून मुंबईकडे येणाऱ्या जहाजांवरचे सारंग, टंडेल आणि आगवाले त्या शून्यात कुठे बसतात तेही सांगावं.